वीस थेंबांची वसुली

एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. चहाच्या चमच्यात याच्या पाचपट मावतं. एवढंसं औषध ४ किलो वजनाच्या जिवाच्या पोटात घालायला दोन पदवीधर माणसं, एक जुना टॉवेल आणि पाऊण तास लागतो, असं मला कुणी नोकरीत असताना सांगितलं असतं तर मी हसलो असतो. बँकेतली बरीचशी वर्षं मी नगर जिल्ह्याच्या तालुक्यांतून थकबाकी गोळा करत घालवली. न देणाऱ्याकडून घेण्याचा अनुभव माझ्या गाठीशी भरपूर होता. न घेणाऱ्याला देण्याचा मात्र नव्हता.

आमच्या बोक्याचं नाव सावकार. नाव सौभाग्यवतींनी ठेवलं. रोज सकाळी ठरल्या वेळी दाराशी येऊन दुधाची वसुली करतो आणि पावती देत नाही, म्हणून. गेल्या पावसाळ्यात सावकार शिंकायला लागला, डोळे चिकटले, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बशीकडे पाठ फिरवली. मांजराची भूक नाकात असते. वास आला नाही की अन्न हे अन्न राहत नाही.

शेजारच्या काकूंनी मायेनं सल्ला दिला, ‘‘अर्धी पॅरासिटामॉल चुरून द्या दुधातून, आमच्या नातवाला देतो तशी.’’ मी गोळी शोधायलाही लागलो होतो. सुदैवानं आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जवळजवळ ओरडल्याच. आपल्याला ताप उतरवणारी ही गोळी मांजराला मारते. तिच्यातलं विष निकामी करण्याची सोय माणसाच्या यकृतात असते, मांजराच्या यकृतात ती नसल्यातच जमा. रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं, तोंड सुजतं, आणि बऱ्याचदा उशीर झालेला असतो. काकूंचा यात काही दोष नाही. आपल्या घरोघरी मांजर हजारो वर्षं आहे, पण औषधाच्या बाबतीत आपण त्याला लहान मूल तरी समजतो, नाहीतर काहीच समजत नाही.

तेही नवल नाही म्हणा. हा जिल्हा दूध संघांचा. गाईनं वैरण सोडली तर गावात चार माणसं धावतात. मांजरानं बशी सोडली हे सांगताना माणूस ओशाळतो. मी स्वतः दवाखान्यात पिशवी झाकून बसलो होतो. समोर एक शेतकरी करडू घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, ‘‘काय आणलंय?’’ मी म्हणालो, ‘‘बोका.’’ तो काही बोलला नाही, पण त्याच्या नजरेतला प्रश्न मला कळला. कर्जाच्या अर्जावर तोच प्रश्न मी वर्षानुवर्षं लिहीत होतो : अंदाजे किंमत रुपये किती?

डॉक्सिसायक्लीनचं पातळ औषध मिळालं. दिवसातून दोनदा १ मिलिलिटर, १० दिवस. सोबत सुई नसलेली छोटी सिरिंज. ‘‘काका, दुधातून देऊ नका,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आणि वरून थोडं पाणी पाजा. हे घशाखाली अन्ननलिकेत अडकून राहिलं तर तिथे जखम होते.’’

घरी आलो आणि मला जे ठाऊक होतं ते केलं. ठाऊक काय होतं? आमच्या पिढीला आई पायांवर आडवं घ्यायची, नाक धरायची आणि बोंडल्यानं बाळगुटी घशात ओतायची. आपण जगलो, म्हणून ती पद्धत बरोबर असा आपला समज. मी सावकाराची मान मागे वाकवली, जबडा दाबला आणि सिरिंज एका दमात रिकामी केली. त्याला जोराचा ठसका लागला. मग तोंडाला फेस आला, साबणासारखा. माझे हातपाय गळाले. फेसाचं कारण साधं होतं, औषध कडू होतं. मांजर कडू चवीला लाळ गाळून उत्तर देतं. ठसका मात्र साधा नव्हता.

ठसका म्हटल्यावर मला पाथर्डी तालुक्यातली एक गाय आठवली. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही दुभत्या जनावरांना कर्ज द्यायचो. जनावराचा विमा असायचा, कानात बिल्ला असायचा, आणि जनावर मेलं की तो बिल्ला दाव्याच्या कागदांना जोडून यायचा. एका विधवा बाईंची संकरित गाय अशी गेली. दाखल्यावर लिहिलं होतं, न्यूमोनिया. पशुवैद्य चहा पिता पिता म्हणाले, ‘‘साहेब, न्यूमोनिया खरा. पण तो पाजलेला न्यूमोनिया.’’ पोट फुगलं म्हणून कुणीतरी गाईचं तोंड आभाळाकडे करून बांबूच्या नळकांड्यानं तेल ओतलं होतं. मान वर ताणली की जनावराला नीट गिळता येत नाही, आणि पोटाचा माल छातीत जातो. गाय पाजणाऱ्यांनीच मारली, चांगल्या हेतूनं. दावा मंजूर झाला. मी फाईल बंद केली आणि त्यातून काही शिकलो नाही.

शिकलो नाही, कारण २००९मध्ये माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा मी तेच केलं. औषधाची वेळ म्हणजे वेळ, असा माझा कारकुनी बाणा. ती दात घट्ट मिटायची. मी हनुवटी वर करून चमचा आत सरकवायचो. ती गुदमरायची, मी म्हणायचो, ‘‘झालं झालं, संपलं.’’ पुढे पुढे मी चमचा घेऊन खोलीत आलो की ती तोंड भिंतीकडे फिरवू लागली. सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या हातून मात्र निमूट घ्यायची. मी त्याला आजारपणातला हट्ट म्हणायचो. त्या बाई काय वेगळं करतात हे मी कधी उभं राहून पाहिलं नाही. सावकार माझ्या चपलांचा आवाज ऐकून कपाटाखाली शिरला, तेव्हा पाहायला हवं होतं हे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दवाखाना गाठला आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, करून दाखवा. त्यांनी गुडघ्यांवर बसून बोका दोन मांड्यांमध्ये घेतला, त्याची पाठ आपल्याकडे. मांजर संकटात मागे सरकतं, आणि मागे आपणच असलो की त्याला जायला जागा नसते. टॉवेल मानेभोवतीनं घेऊन पुढचे पंजे आत. मान सरळ, जमिनीला समांतर. सिरिंज समोरून नाही, बाजूनं. सुळ्याच्या मागे दातांमध्ये एक रिकामी जागा असते, जबडा न उघडताही तिथून टोक गालात जातं. मग चार थेंब. थांबायचं. जीभ हलली, गिळलं, की पुढचे चार. सगळं मिळून अर्धं मिनिट. मला सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं.

तंत्र कळलं, पण कपाटाखालून बोका बाहेर कसा काढायचा? इथे मला माझ्याच गावच्या किल्ल्यानं हात दिला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण किल्ला तोच. १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी त्यात स्थानबद्ध झाले. नेहरूंनी इथे पुस्तक लिहिलं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना आझाद यांनीही इथे उर्दूत पत्रं लिहिली, ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं १९४६मध्ये प्रसिद्ध झाली. उर्दू जाणणाऱ्या एका सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत मला त्यातली चिमण्यांची हकिगत सांगितली होती. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली, काड्या आणि कचरा अंगावर. त्यांनी आधी युद्ध पुकारलं आणि सपशेल हरले. मग तह. तांदळाचे दाणे ठेवायचे आणि तिकडे लक्ष नसल्यासारखं बसायचं. दाणे रोज थोडे जवळ. शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या. देशाचं राजकारण ज्यांच्याभोवती फिरत होतं, त्या माणसानं चिमणी येईपर्यंत श्वास रोखून बसायचं!

आम्ही सावकाराशी तह केला. गोडाचं आमिष उपयोगाचं नव्हतं. मांजराला गोड चव लागतच नाही, त्यासाठी लागणारं जनुकच त्याच्यात निकामी आहे, हे २००५मध्ये सिद्ध झालंय. त्याला हवा मांसाचा रस. आमच्या स्वयंपाकघरात तो शिजत नाही. इथे काकू धावून आल्या. त्यांनी कोंबडीचं पाणी उकळून दिलं, मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूणही मांजराला विष. औषधाच्या दोन वेळा चुकवायच्या नव्हत्याच. पण मधल्या वेळात तीच सिरिंज रसानं भरून मी जमिनीवर बसायचो, हातात वर्तमानपत्र. पहिल्या दिवशी त्यानं लांबूनच पाहिलं. तिसऱ्या दिवशी टोक हुंगलं. पाचव्या दिवशी चाटलं. पाचव्या दिवसापर्यंत माझ्या मनगटावर सात ओरखडे होते, आणि सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, एवढ्या वेळात तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.’’

सातव्या दिवशी टॉवेल लागला नाही. औषध आवडू लागलं असं नव्हे. तोंड वाकडं करायचा, कान मागे पाडायचा, पण बसून राहायचा. औषधानंतर पाणी, मग रस, हा क्रम त्याला पाठ झाला होता.

दहाव्या दिवशी बाटली संपली. अकराव्या संध्याकाळी आठ वाजता मी बातम्या पाहत होतो. सावकार आला, घडी घालून ठेवलेल्या टॉवेलाशेजारी बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी उठलो, फ्रिजमधला रस कोमट केला आणि सिरिंज भरली. २० थेंब, मोजून.