विश्लेषण : मॉडेल रेल्वेच्या छंदात भारतीय गाडी ‘पावणेतीन मिलिमीटर’वर का अडते?

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला मॉडेल रेल्वेचा छंद फारसा समजावून सांगावा लागत नाही. डोंगर, तळे, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि दुसऱ्यांचे किल्ले बघत फिरणारी पोरे, सगळे तेच. फरक इतकाच की किल्ला पंधरवड्यात मोडतो आणि रेल्वेचा ‘लेआउट’ वीस-वीस वर्षे चालू राहतो. लेआउट म्हणजे फळीवर मांडलेले रूळ, स्थानके, सिग्नल, गाव आणि त्यातून विजेवर धावणाऱ्या गाड्या. जगभर हा छंद आहे आणि भारतातही हौशी मंडळी आहेत. पण आपल्या हौशी माणसाने ‘डेक्कन क्वीन’ किंवा वाघिणींची मालगाडी घरात पळवायची ठरवली की पहिल्याच दिवशी एक आकडा आडवा येतो. तो आकडा कुठून येतो, त्यावर लोक काय करतात आणि बार्शी लाइनला तो का आडवा येत नाही, हे पाहू.

स्केल आणि गेज यांत फरक काय?

स्केल म्हणजे मूळ वस्तू किती पटीने लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. जगात सर्वाधिक चालणारे स्केल ‘एचओ’. यात सगळे ८७ पटीने लहान होते. युरोप, अमेरिका, चीनमध्ये मुख्यतः १४३५ मिलिमीटरचे स्टँडर्ड गेज आहे. त्याला ८७ने भागले की १६.५ मिलिमीटर येतात, म्हणून एचओचा तयार ट्रॅक १६.५ मिलिमीटरचा मिळतो.

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. ८७ने भागा, उत्तर १९.२६. तयार ट्रॅक आणि खरे माप यांत फरक पडतो पावणेतीन मिलिमीटरचा. कागदावर ही रेघेची जाडी वाटते, पण ती गेजच्या सातव्या हिश्श्याएवढी आहे. डब्याची रुंदी बरोबर आणि चाके आत ओढलेली, अशी गाडी समोरून पाहिली तर पोट सुटलेल्या माणसाने घट्ट बूट घातल्यासारखी दिसते. बाजूने पाहिल्यास कळत नाही. म्हणूनच भारतीय मॉडेलचे फोटो बहुतेक बाजूने काढलेले असतात!

गंमत म्हणजे मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रो स्टँडर्ड गेजच्या आहेत. म्हणजे वनाजची मेट्रो एचओ ट्रॅकवर अगदी मापात बसेल आणि तिच्याच गावाची डेक्कन क्वीन बसणार नाही.

मग ट्रॅकच १९.२६चा का करत नाहीत?

करता येतो. पण रूळ लांब-लांब ठेवले की काम संपत नाही. प्रत्येक आस बदलावी लागते, प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागतो. सांध्याजवळ चाकाची कड जिथून जाते ती खाच एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचीच असते, तिथे किंचित चूक झाली की गाडी दर फेरीला घसरते. हे सगळे जमले तरी खरी किंमत पुढेच आहे. असे इंजिन मित्राच्या लेआउटवर चालत नाही आणि मित्राचे तुमच्याकडे.

या छंदाचा जीव त्या देवाणघेवाणीत आहे. अमेरिकेत १९३५ साली ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली ती मुख्यतः याच कारणाने. वेगवेगळ्या कंपन्यांची चाके, रूळ, कपलिंग एकमेकांशी जुळत नव्हती. संघटनेने मापे ठरवली आणि ती तपासायची एक छोटी धातूची पट्टी काढली. पट्टी चाकावर टेकवायची, बसली तर ठीक, नाही तर चाक सरकवायचे. युरोपात ‘फ्रेमो’ ही मंडळी याच्याही पुढे गेली. प्रत्येकाने आपल्या घरी फक्त एक तुकडा करायचा. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांची मापे मात्र ठरलेली. मग एखाद्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी सभागृहात जमून तुकडे बोल्टने जोडायचे आणि लांबच लांब मार्ग तयार करायचा. कोणाचे स्थानक, कोणाचा पूल, कोणाचे नुसते शेत.

ब्रिटिशांनाही आपल्यासारखेच दुखणे आहे. त्यांची इंजिने मुळातच अरुंद. शंभरेक वर्षांपूर्वीच्या मोटारी ८७ पट लहान केलेल्या इंजिनात मावेनात, म्हणून त्यांनी वरची गाडी १:७६ केली आणि खाली ट्रॅक १६.५चाच ठेवला. हे चुकीचे माप ‘ओओ’ म्हणून रूढ झाले. ते खटकणाऱ्यांनी पुढे १८.२ आणि १८.८३ मिलिमीटरचे वेगळे पंथ काढले. हे पंथ आजही आहेत, पण दुकानातून आणलेली गाडी त्यांच्या रुळांवर चाके बदलल्याशिवाय चालत नाही. भारतातल्या बहुतेकांनी पहिला मार्ग पत्करला आहे, गाडी भारतीय आणि ट्रॅक १६.५चा. मला हा निर्णय योग्यच वाटतो. चाळीस तास घासून अचूक केलेली गाडी एकट्याने पाहण्यापेक्षा थोडी चुकलेली गाडी चौघांत पळवणे बरे.

घरात जागा किती लागते?

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरी रडकथा इथे सुरू होते. एलएचबीचा एक डबा २४ मीटरचा. २२ डबे आणि पुढे डब्ल्यूएपी-७ इंजिन अशी गाडी साधारण ५४९ मीटर भरते. एचओमध्ये ती होते सव्वासहा मीटर, म्हणजे जवळपास २१ फूट. नुसती उभी करायला एवढी भिंत लागेल. १:१६०च्या ‘एन’ स्केलमध्ये तीच गाडी सव्वाअकरा फुटांची.

वळणाचे तर विचारूच नका. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे मानतात. ८७ने भागले तर दोन मीटर, म्हणजे गाडी पूर्ण वळवायला चार मीटर रुंद खोली हवी. म्हणून प्रत्येक लेआउटवर वळण खोटे असते. हौशी मंडळी ते बोगद्यात किंवा डोंगरामागे लपवतात.

बोरघाट करायचा आहे? कर्जतच्या पुढची चढण ३७ला १ आहे. एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर एचओमध्ये साडेसात सेंटिमीटर उंची गाठावी लागते. ३७ने गुणा. पावणेतीन मीटर! पुन्हा पावणेतीन, पण यावेळी मीटर. ही मॉडेलकाराच्या दृष्टीने बरीच तीव्र चढण. लांब गाडीची चाके वळणात घासतात आणि इंजिन जागच्या जागी फिरू लागते. उपाय खऱ्या घाटातलाच, मागून ढकलायला जादा इंजिन लावायचे.

वीज कशी खेळते?

साध्या पद्धतीत दोन रूळ म्हणजे दोन तारा, त्यांत १२ व्होल्टपर्यंत डीसी. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, तारा उलट केल्या की गाडी उलटी. अडचण अशी की एका रुळावरची सगळी इंजिने एकदमच पळतात. म्हणून ट्रॅकचे विजेच्या दृष्टीने तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण देत. १९९०च्या दशकात डिजिटल नियंत्रण प्रमाणित झाले. आता रुळात वीज कायम असते आणि तिच्यातूनच संदेश जातात. प्रत्येक इंजिनात एक चिप आणि प्रत्येक चिपला पत्ता. ‘क्रमांक ३, हळू चल’ म्हटले की तेवढेच इंजिन ऐकते.

नवशिक्याला हमखास फसवणारी जागा म्हणजे फुग्याच्या आकाराचे वळण, जिथे गाडी फिरून त्याच रुळावर परत येते. डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. कागदावर बोटाने गाडी फिरवून बघा, पटेल. तेवढा भाग दोन्ही टोकांना तोडून वेगळा करावा लागतो.

जाता जाता, ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगात रुळला त्यातही मॉडेल रेल्वेचा हात आहे. एमआयटीतल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबची (स्थापना १९४६) काही मुले गाड्यांपेक्षा फळीखालच्या वायरिंगमध्ये जास्त रमायची. तीच पुढे कॉलेजच्या संगणकाकडे वळली.

आपल्याकडचा मोठा शत्रू मात्र धूळ आणि पावसाळा. रुळांवर काळा थर चढतो, गाडी झटके खाते. फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे हाच उपाय. सँडपेपर लावू नका, ओरखड्यांत घाण आणखी बसते. प्लायवूडला सगळ्या बाजूंनी रंग द्या, नाही तर जुलैमध्ये ते फुगते आणि मे महिन्यात सरळ असलेला रूळ लाटेसारखा दिसतो.

पाहुणे आल्यावर काय होते?

एकट्याने चालवताना लेआउट नीट चालतो. चार जण आले की दोष बाहेर पडतात. कोणीतरी गाडी उलटी ढकलतो, जे तुम्ही कधी केलेले नसते, आणि तिसरा डबा सांध्यावर घसरतो. त्यामुळे अनुभवी मंडळी मुद्दाम इतरांना बोलावतात. एक जण नियंत्रक, बाकीचे चालक. कुठली वाघीण कुठल्या गोदामाला द्यायची याच्या चिठ्ठ्या असतात आणि वेळापत्रक असते. अडलेली गाडी हाताने उचलण्याला या लोकांत ‘०-५-० इंजिन’ म्हणतात. वाफेच्या इंजिनांची चाके तीन आकड्यांत मोजतात, इथे पाच म्हणजे पाच बोटे. यजमानाला विचारल्याशिवाय हे इंजिन वापरायचे नाही.

बघायला जायचेच तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे, तेही एचओ स्केलमध्येच. गाड्यांइकेच सिग्नलकडे लक्ष द्या. जगातला सर्वांत गाजलेला लेआउट जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. ब्राऊन बंधूंनी २००१मध्ये सुरू केलेल्या ‘मिनिएटूर वुंडरलँड’मध्ये हजाराहून अधिक गाड्या आहेत.

पण फळीवरचे हे जग फार नाजूक असते. मे २०१९मध्ये इंग्लंडमधील स्टॅमफर्ड येथे मार्केट डीपिंग क्लबने शाळेत प्रदर्शन मांडले होते. रात्री काही मुले घुसली आणि अनेक वर्षांचे काम तुडवून गेली. ५०० पौंड जमवू म्हणून सुरू केलेल्या आवाहनाला एक लाखाहून अधिक पौंड मिळाले. त्यात स्वतः मोठा लेआउट बांधणारा गायक रॉड स्टुअर्ट याचे १० हजार होते. पैसे आले, पण तोडलेल्या इमारती कोणीतरी पुन्हा हातानेच करायच्या होत्या. अमेरिकेतील जॉन अॅलन यांचा मॉन्टेरीतला लेआउट त्या काळी हौशी जगात सर्वांत प्रसिद्ध होता. जानेवारी १९७३मध्ये ते वारले आणि दहाच दिवसांनी लागलेल्या आगीत लेआउटही गेला. उरले ते फोटो.

बार्शी लाइन मापात कशी बसते?

आता सुरुवातीच्या आकड्याकडे परत येऊ. आपल्याकडे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज होती. भागिले ८७, उत्तर ८.७६. एन स्केलचा तयार ट्रॅक ९ मिलिमीटरचा. फरक जेमतेम पाव मिलिमीटर! ब्रॉडगेज सातव्या हिश्श्याने चुकते, तर ही छोटी लाइन परदेशी ट्रॅकवर जवळजवळ अचूक बसते. (माथेरानची गाडी नव्हे. ती दोन फुटी, तिचे माप सात मिलिमीटर येते.)

महाराष्ट्रात या मापाच्या लाइनी कोणत्या? १८९७मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे, जी पुढे मिरज आणि लातूरपर्यंत गेली. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला. पाचोरा-जामनेर. बार्शीचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. त्यामुळे इंजिनांना चाके पुष्कळ आणि रूळ हलके. मॉडेलकाराला अशी बारकी, भरपूर चाकांची इंजिने फार आवडतात. गाड्या लहान, वळणे तीव्र, स्थानके छोटी, म्हणजे फ्लॅटमध्ये मावणारी.

बार्शी लाइन आता ब्रॉडगेज झाली, शकुंतला थांबली. या गाड्या पुन्हा चालताना दिसतील त्या कुणाच्या तरी घरातल्या फळीवर. पण दुकानात त्यांची मॉडेल मिळत नाहीत, त्यामुळे डबा किती रुंद, छपराचा उतार किती, फलाट किती उंच हे कोणीतरी मोजलेले हवे. जुन्या इमारती उभ्या आहेत आणि त्या लाइनवर नोकरी केलेली माणसे घराघरांत आहेत तोवर टेप घेऊन जाऊन हे काम करता येते.

सुरुवात कशी करायची?

पाच फुटांची फळी, ९ मिलिमीटरचा ट्रॅक, दोन सांधे, एक छोटे इंजिन आणि आठ वाघिणी. ब्रिटिश हौशी अॅलन राइट यांनी प्रसिद्ध केलेला ‘इंगलनूक’ हा शंटिंगचा खेळ एवढ्यावर होतो. तीन साइडिंग. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनासमोरच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून जास्त नाही. आठांपैकी पाच वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायच्या, असे ६७२० क्रम होतात. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ पत्ते पिसा, पाच ओढा आणि त्याच क्रमाने गाडी लावून दाखवा. हात न लावता.