पाचोडाहून भूमध्यसमुद्राकडे

पैठण तालुक्यांतील आमच्या पाचोडास समुद्र कोणत्याही दिशेनें जवळ नाहीं. येथें पाण्याची गोष्ट निघते ती विहिरीची, आणि मोसंबीच्या बागेस तें पाणी किती दिवस पुरेल याची. अशा गांवच्या एका एकत्र कुटुंबांत युरोपच्या सागरसहलीचा, म्हणजे हल्लीं ज्यास क्रूझ म्हणतात तिचा, विचार निघावा याचें प्रथम आम्हांसच हसूं आलें. परंतु हें नातें अगदींच नवें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक सागरवृत्तांत पैठणचा उल्लेख आहे. तें भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून अकीक जातीचे खडे गाड्यांतून बंदराकडे जातात, असें त्यांत लिहिलें आहे.

माल गेला, परंतु माणूस जाण्यास पुढें शास्त्र आडवें आलें. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत गणली गेली. आणि तो विचार करणाऱ्या 'निर्णयसिंधु'कर्त्या कमलाकरभट्टांचें घराणें मूळचें पैठणचेंच! १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास व आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, त्या वेळीं त्यांस केवढा लोकापवाद सोसावा लागला हें सर्वश्रुत आहे. आज आड येतात तीं कागदपत्रें, पैसा आणि 'मागें घर कोण पाहणार' हा प्रश्न.

प्रथम मार्गाविषयीं. पहिल्या खेपेस पश्चिम भूमध्यसमुद्रांतील सात रात्रींची फेरी सोयीची. बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, सिव्हितावेक्किया अशीं बंदरें घेऊन जहाज निघाल्या ठिकाणीं परत येतें. रोज सामान बांधण्या-सोडण्याची दगदग नाहीं, हा वयस्कांस मोठाच लाभ. मात्र जाहिरातींतील 'रोम' म्हणजे प्रत्यक्षांत सिव्हितावेक्किया. रोम तेथून सुमारें ७०–८० किलोमीटर आंत आहे. एका दिवसांत सारें पाहूं म्हटल्यास कांहींच पाहून होत नाहीं. व्हेनिसचेंही तसेंच. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांस सेंट मार्कच्या चौकासमोरून जाण्याची बंदी आहे. तेव्हां जहाज रावेन्ना किंवा त्रिएस्त येथें तर लागत नाहीं ना, हें आधीं विचारावें. मार्सेलिसला मात्र मराठी माणसानें धक्क्यावर क्षणभर थांबावें. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं 'मोरिया' बोटींतून उडी घेतली ती याच बंदरांत.

आतां कागदपत्रें. शेंगेन व्हिसासाठीं पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा व दोन कोरीं पानें असलेला लागतो. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत, परंतु निदान पंधरा दिवस आधीं करावा. उन्हाळ्यांत गर्दी असते, म्हणून दोन-तीन महिने हातीं ठेवणें शहाणपणाचें. वाटेंत जहाज तुर्कस्तानासारख्या शेंगेनबाहेरील देशास लागून परत येणार असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा.

खर्चाच्या बाबतींत भाड्याच्या आंकड्यावर विसंबूं नये. विमानभाडें, बंदरावरील सहली, पेयें, माणशीं रोजची बक्षिसी व जहाजावरील डॉक्टरांची फी हीं बहुधा निराळीं असतात. शाकाहाराची सूचना आरक्षणाच्या वेळींच द्यावी. खोली जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घेतल्यास हेलकावे कमी लागतात. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशींच बंदरगांवीं पोंचावें. आपण स्वतंत्रपणें हिंडावयास गेल्यावर उशीर झाला, तर जहाज आपल्यासाठीं थांबत नाहीं.

इतकें सारें टिपून मीं यादी केली. तींत माझें, यजमानांचें व सासूबाईंचें नांव होतें. थोरले भाऊजी व जाऊबाई घरीं राहणार हें कोणी ठरविलें नव्हतें. तें गृहीतच होतें. २०१२-१३ च्या दुष्काळांत भोंवतालच्या बागा वाळल्या, तेव्हां टँकरच्या पाण्यावर आमचीं झाडें त्यांनींच जगविलीं. तेव्हांपासून उन्हाळ्यांत ते दोघे गांवाबाहेर मुक्कामास गेलेलीं मला आठवत नाहींत.

सासूबाईंनीं यादी वाचली व शांतपणें म्हणाल्या, "माझें नांव खोड. मला पैठणची नाथषष्ठी पुरे. आणि या घरांतून कोण कधीं बाहेर गेलें नाहीं, त्यांचीं नांवें आधीं लिही."

भाऊजी लगेच म्हणाले, "मे महिन्यांत बाग सोडून? शक्य नाहीं." जुलै-ऑगस्टांत तिकडे ऊन व गर्दी, सप्टेंबरांत इकडे गौरीगणपती व पितृपक्ष, पुढें मोसंबीची तोडणी, म्हणून मे महिनाच उरत होता. यजमान म्हणाले, "दादा, पाण्याच्या पाळ्या मला आतांपासून शिकवा." त्यावर भाऊजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

दुसरी अडचण विम्याची. व्हिसासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज भरतांना भाऊजी म्हणाले, "रक्तदाबाचें लिहूं नका, उगीच हप्ता वाढेल." जाऊबाई सहसा त्यांच्यापुढें बोलत नाहींत; त्या दिवशीं बोलल्या. "परमुलखांत कांहीं झालें आणि विमा नाकारला, तर मीं कोणाकडे पाहावें?" भाऊजींनीं रक्तदाब लिहिला. हप्ता वाढला तो आम्हीं आनंदानें भरला. वाचकांनींही असें कांहीं लपवूं नये, हें आवर्जून सांगावेंसें वाटतें.

आतां रोज सकाळीं यजमान वहींत पाळ्यांचे दिवस लिहून घेत भाऊजींमागून बागेंत हिंडतात. सायंकाळीं जाऊबाई नकाशावर बोट ठेवून बंदरांचीं नांवें पाठ करितात. सिव्हितावेक्किया त्यांना अजून नीट म्हणतां येत नाहीं, आणि मलाही नाहीं.