ओवी कापताना श्वास जपावा

सुरत शहराच्या उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर कोसाड हे स्थानक लागते. कापड-उद्योगाच्या आधाराने सुरतेत आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे आता तिथलीच झाली आहेत. समजा, कोसाडमधल्या अशाच एखाद्या घरात नातवाने आजीची अहिराणी ओवी मोबाइलवर मुद्रित केली. मुद्रण दहा मिनिटांचे, त्यात ओवी चार मिनिटांची. बाकी खोकला, भांड्यांचा आवाज आणि जाणाऱ्या गाडीची शिट्टी. यातून ओवी वेगळी काढायची कशी?

पूर्वी हे काम ब्लेडने होई. ध्वनिमुद्रणगृहात चुंबकीय फीत सेकंदाला 15 इंच वेगाने धावत असेल, तर एका सेकंदाचा आवाज सुमारे 38 सेंटिमीटर फितीवर पसरे. संकलक फीत हाताने मागेपुढे सरकवून जागा शोधी, खूण करी, तिरका छेद देई आणि टोके चिकटपट्टीने जोडी. छेद तिरका असल्यामुळे एक आवाज मावळत असतानाच दुसरा उगवे. मात्र हात चुकला तर मूळ फीतच बिघडे.

संगणकाने ही भीती बरीच कमी केली. 'रीपर'सारख्या प्रणालीत तुकडा कापला, तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते. कुठून कुठवर वाजवायचे, एवढीच नोंद प्रणाली ठेवते. तरीही कापण्याची जागा कानानेच ठरवावी लागते. पडद्यावर आवाज लहरीच्या रूपात दिसतो. ही लहर मधल्या शून्यरेषेला जिथे भेटते, तिथे छेद द्यावा. लहर उंचावर असताना कापली, तर जोडाच्या जागी 'टक्' असा आवाज येतो. दोन तुकडे जोडताना पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात किंचित एकमेकांवर घ्यावी. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला 44,100 नमुने असतात. त्यातले 441 नमुने, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, एवढा मिलाफ बहुधा पुरतो. फितीवरच्या तिरक्या छेदाचेच हे संगणकीय रूप.

तालाचे तुकडे आपोआप पाडण्याची सोयही आहे. 1994 साली आलेली 'रीसायकल' ही प्रणाली याच कामासाठी नावाजली गेली. आवाज अचानक उसळतो ती जागा हेरून ती तिथे छेद देते. ढोलकीच्या थापेला हे छान लागू पडते. ओवीला पडत नाही. ओवीचा स्वर हळूच सुरू होतो, शब्द ओढले जातात, मध्ये श्वास येतो. शांतता आपोआप गाळणारे साधन वापरले, तर हा श्वासच आधी नाहीसा होतो आणि गाणारी बाई न थांबता धावत असल्यासारखी वाटते. छेद शब्दाच्या अगदी तोंडाशी दिला, तर 'प' किंवा 'ट'चा आरंभीचा स्फोट हरवतो. म्हणून श्वासाच्याही थोडे आधी कापावे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकताना ओवीच्या शब्दांबरोबर गाणारीचे नाव आणि गावही वाचायला मिळते. तुकडा कापताना हरवण्याची सर्वांत अधिक शक्यता याच माहितीची असते. तुकड्याला नाव नसेल, तर दहा वर्षांनी तो कोणाचा आवाज होता हे घरातलेही सांगू शकत नाहीत.

आपल्याकडे पौषात मांडावर धालो रंगतात, तेव्हाही कितीतरी मोबाइल पुढे सरसावतात. ती मुद्रणे कापण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. मूळ फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. तुकडे शक्यतो 'वेव्ह' स्वरूपात साठवावेत, कारण 'एमपीथ्री' आकार लहान करताना आवाजातला काही अंश टाकून देते. आणि प्रत्येक तुकड्याच्या नावात गाणारी, गाव, तारीख आणि मूळ मुद्रणातील मिनिट लिहावे. गाडीची शिट्टी ओवीच्या मधोमध आली असेल, तर ती राहू द्यावी. ती पुसायला गेल्यास तिच्याबरोबर आजीचे दोन शब्दही जातील.