चर्चमध्ये चिपळ्या? होय, बॉस!

मालेगाव म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? यंत्रमागांचा खडखडाट आणि ‘मालेगाव के शोले’, बरोबर? नासिर शेखनं २००० साली गावातली पोरं जमवून गब्बर-ठाकूरची गोष्ट पक्की मालेगावी करून टाकली. पुढे २०२५मध्ये त्या वेडेपणावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला. गोष्ट कुणाचीही असो, सांगायची आपल्या बोलीत, हा आमच्या गावचा फंडा!

तरीही हिंजवडीत कोडिंग करणारा माझा शाळेतला मित्र म्हणाला, ‘अगं, नाताळात गावी ये, आजोबांचं कीर्तन आहे,’ तेव्हा मी चक्क हसले. ख्रिस्ती कीर्तन? माझ्या डोक्यातलं चर्च म्हणजे गिटार, कॅरल्स आणि प्लम केक. हिंदी सिनेमाची कृपा, दुसरं काय!

आजोबा उभे राहिले. गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या, साथीला पेटी आणि तबला. आधी नमन. मग पूर्वरंग, म्हणजे बायबलमधलं एक वचन घेऊन त्याचं निरूपण. (इथे मी एकदा मोबाइल बघितला, कबूल.) आणि मग उत्तररंगात आख्यान लागलं. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट. बाप जिवंत असताना वाटणी मागणारा धाकटा. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागतच नाही! पोरगा पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मान खाली घालून घरी निघतो.

सगळी पात्रं एकटे आजोबाच. धाकटा परततो तेव्हा उपरणं जमिनीवरून फरफटत येतं. थोरला रुसतो तेव्हा तेच उपरणं झटकून ते पाठ फिरवतात. आणि बाप लांबूनच लेकाला ओळखतो आणि धावत सुटतो, तिथे ऐंशीचे आजोबा खरोखर चार पावलं धावले. म्हाताऱ्या, अब्रूदार माणसानं असं सगळ्यांदेखत पळायचं नसतं. शेजारच्या काकू रडत होत्या. मीसुद्धा. थोडीशी.

पुण्याला परतल्यावर पुस्तकं चाळली. हे काही कालपरवाचं फ्यूजन नव्हे हो! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची गोडी कशी सुटणार? स्टीफन्सनी दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते छापलं गेलं. पुढे १६८४मध्ये तिथल्याच पोर्तुगीज सत्तेनं लोकांनी स्थानिक भाषा सोडावी म्हणून फर्मान काढलं. म्हणजे बघा!

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन गाजवलं. पण खरी बहार आली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं इंग्रजी चालींत अवघडून बसलेल्या मराठी उपासनेला अभंग आणि भजनं दिली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, म्हणजे आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीनं. होय, ‘स्मृतिचित्रे’वाल्या त्याच!

चित्रांचंही तेच. साडीतली मरिया रंगवणाऱ्या आंजेलो द फोन्सेकांना गोव्यात इतकी टीका सोसावी लागली की ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले.

आजोबांच्या कीर्तनालाही दोन्हीकडून टोमणे आहेत. मंडळीतले काही म्हणतात, ‘हे देवळातलं, ते सोडूनच आलो ना आपण?’ बाहेरचे म्हणतात, ‘हे आमचं, लोकांना ओढायला तुम्ही उचललंत.’ दुसरा आरोप अगदीच हवेतला नाही. मिशनच्या काळात कीर्तन प्रचारासाठीही वापरलं जायचंच. पण टिळकांना ते कुठून उसनं आणावं लागलं नव्हतं. ते त्यातच वाढले होते. धर्म बदलला म्हणून कानात बसलेल्या चाली थोड्याच पुसल्या जातात? मित्र वैतागून म्हणाला, ‘आत म्हणतात फार हिंदू, बाहेर म्हणतात फार ख्रिस्ती. मग आम्ही मराठी कुठे व्हायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

तिसरी अडचण तरुणांची. त्यांना ड्रम्स हवेत, प्रोजेक्टर हवा. हवाच की! त्यात वाईट काही नाही. फक्त आजोबांचा आवाज आता बसत चाललाय. त्यांच्या वहीत पदं आहेत, चाली नाहीत. त्या त्यांच्या गळ्यातच आहेत. नातवानं मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलंय, पण कॅमेरा स्टँडवर लावलेला. बाप धावतो तेव्हा आजोबा फ्रेमच्या बाहेर जातात आणि नुसत्या चिपळ्या ऐकू येतात.

म्हणून आता हा पठ्ठ्या महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्रीची बस पकडून मालेगावला जातो. टीमला सांगतो, ‘फॅमिली फंक्शन आहे.’ परवा फोनवर विचारलं, ‘कुठवर आलं रे?’

‘नमन झालं. पूर्वरंग अर्धा. धावणं अजून लांब आहे. आजोबा म्हणतात, आधी चिपळ्या तालात वाजव, मग बाप हो.’