डेलिगेट (प्रोग्रॅमिंग)

डेलिगेट हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील, विशेषतः सी शार्प या भाषेतील, एक प्रकार आहे. चलात ज्याप्रमाणे अंक किंवा मजकूर साठवतात, त्याप्रमाणे डेलिगेटमध्ये एखादी मेथड साठवून ती पुढे हवी तेव्हा चालवता येते. 'प्रतिनिधी' हा या शब्दाचा मराठी अर्थ होय.

स्वरूप

मेथडला द्यावयाच्या आणि तिने परत करावयाच्या मूल्यांचे प्रकार डेलिगेटच्या घोषणेतच ठरलेले असतात. या साच्यात न बसणारी मेथड नेमल्यास कंपायलर त्रुटी दाखवतो.

ऑब्जेक्टची मेथड नेमली असता डेलिगेट दोन गोष्टी जतन करतो : मेथड कोणती आणि ती कोणत्या ऑब्जेक्टवर चालवायची. उदाहरणार्थ, ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये 'शाखा' हा क्लास असून 'पैठण' आणि 'वैजापूर' ही त्याची दोन ऑब्जेक्ट आहेत असे मानू. 'नोंद' ही मेथड दोहोंस समान आहे; तथापि पैठणची 'नोंद' नेमलेला डेलिगेट कोठूनही चालवला, तरी नोंद पैठणच्याच खात्यात होते. पुढे 'पैठण' या चलात दुसरे ऑब्जेक्ट ठेवले, तरी डेलिगेट मूळ ऑब्जेक्टलाच धरून राहतो. स्टॅटिक मेथड नेमल्यास ऑब्जेक्टची जागा रिक्त राहते.

नेमताना मेथडच्या नावापुढे कंस लिहीत नाहीत. कंस लिहिल्यास मेथड नेमली न जाता तिला हाक मारली, असा अर्थ होतो.

इतिहास

मायक्रोसॉफ्टने १९९८ साली व्हिज्युअल जे प्लस प्लस ६.० मध्ये जावा भाषेला डेलिगेटची जोड दिली. जावाची निर्माती सन मायक्रोसिस्टिम्स हिने ती अनावश्यक ठरवली. २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कसह आलेल्या सी शार्पमध्ये डेलिगेटला मूलभूत स्थान मिळाले. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून केवळ मेथडचे नाव लिहून ती नेमता येऊ लागली.

अनेक मेथड

एका डेलिगेटमध्ये अधिक-बरोबर या चिन्हाने अनेक मेथड जोडता येतात. त्या जोडलेल्या क्रमाने चालतात आणि शेवटच्या मेथडचे मूल्य परत मिळते. मधल्या एखाद्या मेथडमध्ये अपवाद उद्भवून तो तेथेच हाताळला गेला नाही, तर पुढील मेथड चालत नाहीत.

स्मृतीवरील परिणाम

डेलिगेट ऑब्जेक्टला धरून ठेवत असल्याने, तो वापरात असेपर्यंत गार्बेज कलेक्टर त्या ऑब्जेक्टची स्मृती मोकळी करत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बंद केलेल्या खिडक्यांची ऑब्जेक्ट अशा रीतीने साचत जातात. त्यामुळे इव्हेंटला जोडलेली मेथड काम संपताच उणे-बरोबर या चिन्हाने वगळणे आवश्यक ठरते. वगळताना ऑब्जेक्ट आणि मेथड ही दोन्ही तीच असावी लागतात; वैजापूरची 'नोंद' वगळल्याने पैठणची जोडणी सुटत नाही.