काळ्या मातीतली जास्वंद

कंधारच्या आसपास जास्वंद लावायची असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी कपाशीच्या रानातून एक फेरी मारावी. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही चारही झाडं एकाच कुळातली. अंबाडी आणि जास्वंद तर आणखी जवळच्या, दोघींची प्रजातीसुद्धा एकच. अंबाडीचं फूल आणि लाल जास्वंद शेजारी धरून बघा: तशाच पाच पाकळ्या, मधून निघालेली तशीच नळी, तिला चिकटलेले पुंकेसर आणि टोकाला पाच बारीक गोंडे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला, त्या घराला जास्वंदीच्या निम्म्या सवयी आधीच ठाऊक असतात. उरलेल्या निम्म्या मातीच्या आहेत, आणि अडतं ते तिथंच.

मन्याड नदीच्या या भागात ठिकठिकाणी बेसाल्टची काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. कपाशी बियांपासून येते, तिचं सोटमूळ खोल जातं आणि एका हंगामात तिचं काम संपतं. जास्वंद आपण फांदीपासून लावतो. लाल जास्वंदीला सहसा बी धरत नाही, त्यामुळे सोटमुळाचा प्रश्नच नाही. तिची मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरतात आणि झाड त्याच जागी वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे श्रावणात साचलेलं पाणी तिच्याच मुळाशी थांबतं आणि चैत्रात पडलेली भेग तिचीच बारीक मुळं तोडते. ‘पाणी तर रोज घालतो, तरी वाळली,’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मुळं आधीच गुदमरून कुजलेली असतात.

दुसरी अडचण चुन्याची. काळ्या मातीत पांढरे खडे दिसतात, ती चुनखडी. अशा जमिनीचा सामू आठ किंवा त्याहून जास्त असतो. जास्वंदीला सहा ते सातच्या मधला, किंचित आंबट बाजूचा सामू मानवतो. विम्लधर्मी मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की त्यातल्या क्षारांची आणखी भर पडते. देगलूर-बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाइटच्या खडकाची तांबूस, भरड माती मिळते. ती हलकी असली तरी निचऱ्याची असते, आणि तिथली जास्वंद कमी कुरकुर करते.

आपलं पाणी कसं आहे याचा अंदाज हेच फूल देतं. लाल जास्वंदीच्या चार-पाच फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की गडद रंगाचा अर्क निघतो. शाळेत हा प्रयोग असतो: आम्लात अर्क भडक गुलाबी होतो, अल्कलीत हिरवा. एका वाटीत साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, दुसरीत बोअरचं. दोन्हींत अर्काचे चार-चार थेंब टाका. पावसाच्या पाण्यात गुलाबी झाक टिकते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर रंग जांभळट-निळसर होऊ लागतो. पाणी जितकं क्षाराचं, तितका तो गुलाबीपासून लांब जातो. मातीवर कडक व्हिनेगर टाकलं आणि फसफसून फेस आला तर चुनखडी भरपूर आहे असं समजावं. हे झाले अंदाज. नेमका सामू हवा असेल तर शेताच्या मातीबरोबर अंगणातल्या मातीचा नमुनाही तपासायला द्यावा. अंगणात घराच्या बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेला असतो, तिथला आकडा शेताहून वाईट निघू शकतो. भिंतीला चिकटून जास्वंद लावू नये, याचं हेच खरं कारण.

आता लावणी. पुस्तकात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा सांगतात. मुरमाड जागेत ते ठीक. भारी काळ्या मातीत असा खड्डा काढून त्यात वाळू आणि शेणखत भरलं, की पावसाळ्यात तो हौदासारखा भरतो: भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही, मधली भुसभुशीत माती ते धरून बसते. म्हणून आपल्याकडे खड्डा उथळ घ्यावा आणि झाड वीतभर उंचवट्यावर लावावं. उंचवट्याला निम्मी काळी माती, पाव भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत. रोप पिशवीत होतं तितकंच खोल ठेवावं, खोड मातीत गाडू नये. तलावातला गाळ शेतासाठी उत्तम, पण तो फार बारीक कणांचा असतो. कुंडीत भरला की विटेसारखा आवळून बसतो. कुंडीसाठी तांबडी भरड माती आणि जुनं शेणखत याला तोड नाही.

जागा सकाळच्या उन्हाची हवी. चार-पाच तास ऊन मिळालं नाही तर पानं हिरवीगार आणि फूल एकही नाही, अशी गत होते. पण मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा दुपारच्या झळा टळतील असा पूर्वेचा कोपरा किंवा कडुलिंबाची विरळ सावली सोयीची. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी तापून मुळं भाजते. ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे पालापाचोळा भरावा, किंवा सरळ मातीची कुंडी घ्यावी.

पाण्याचा नियम शेतकऱ्याला सांगायला नको: वाफसा बघून पाणी. दोन बोटं माती उकरावी, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मे महिन्यातल्या दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच बादली उपडी करू नये. मुळं जितकं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं, म्हणून झाड मान टाकतं, आणि संध्याकाळी सावरतं. सकाळीही मान खाली असेल तर मात्र माती उकरून बघावी. कोरडी असेल तर पाणी, चिखल असेल तर निचरा. बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट किंवा पाचट चार बोटं जाड पसरलं की माती भेगाळत नाही आणि पाण्याची पाळी लांबते. आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नये. पावसाळ्यात छपराचं पाणी पिंपात साठवून ते कुंड्यांना घातलं तर क्षारही धुऊन निघतात.

पिवळं पडलेलं पान नीट वाचता आलं पाहिजे. कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू जाळी काढली आहे, तर ते लोहाचं दुखणं. बुडाची जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील तर पाण्याची ओढाताण किंवा नत्राची उणीव. कडा करपल्या असतील तर गरम वारा किंवा क्षार. कडा वळून बशीसारख्या झाल्या तर पान उलटं करून बघावं, खाली तुडतुडे असतात, कपाशीवर असतात तेच. लोहासाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारावं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फवारा भिंतीवर किंवा फरशीवर उडाला तर तांबूस डाग पडतात, एवढं सांभाळावं. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानात ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड लोह मागावं. ‘ईडीटीए’वालं लोह स्वस्त असतं, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही.

खताच्या बाबतीत मी हट्टी आहे: जास्वंदीला डीएपी नको. शेतकऱ्याच्या घरात उरलेली मूठभर डीएपी असतेच आणि ती सहज झाडाच्या बुडाशी पडते. जास्वंदीला स्फुरद फार थोडं लागतं. जास्तीचं स्फुरद लोहाच्या वाटेत येतं आणि चुनखडीनं सुरू केलेलं दुखणं वाढवतं. तिला पालाश हवं, थोडं नत्र हवं. महिन्याला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड आणि फुलांच्या दिवसांत चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश भरपूर पाण्याबरोबर दिलं की झालं. चुलीची राख आणि अंड्याची टरफलं आपल्याकडे सवयीनं झाडाला घालतात. दोन्हींनी सामू वाढतो, काळ्या मातीत ती नकोतच.

छाटणीचं गणित गणपतीशी जुळवता येतं, आणि या झाडाच्या देखभालीतला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. जास्वंदीला कळी नव्या फुटीवरच येते. छाटल्यावर फुटवा येऊन त्यावर फूल उमलायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. मृग लागून पहिला पाऊस झाला की छाटावं, म्हणजे भाद्रपदात चतुर्थीला झाड लाल होतं. उशीर करून श्रावणात कात्री लावली तर ऐन सणात नुसती पालवी. फांदीचा एक तृतीयांश भाग, बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार सिकेटरनं तिरका कापावा. मधल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. हिवाळ्यात झाड मंदावतं. थंडी सरल्यावर हलकी छाटणी पुन्हा करता येते. मे महिन्यात मात्र कात्री बाजूला ठेवावी.

छाटलेल्या फांद्या टाकू नयेत. पेन्सिलीच्या जाडीची, फार कोवळीही नाही आणि फार जरठही नाही, अशी वीतभर काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, खालची पानं काढलेली, वरची दोन पानं अर्धी कापलेली, म्हणजे पाणी कमी उडतं. वाळू आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन त्यात दोन डोळे आत जातील अशी खोचावी आणि सावलीत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. शेंड्याला पालवी आली म्हणून काडी उपसून बघू नये, ती पालवी काडीतल्या साठ्यावरही येते. मोठ्या, रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जाती अशा काडीवर रुसतात. त्या बहुधा कलम केलेल्या असतात आणि आपलं ऊन, आपली माती त्यांना सोसत नाही. पहिलं झाड गावठी एकेरी लालच असावं.

किडींमध्ये खरी लढाई पिठ्या ढेकणाशी. कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठाशी कापसाचे बोळे चिकटवल्यासारखं दिसतं, शेंडा आखडतो, कळ्या गळतात. ‘फेनाकोकस सोलेनोप्सिस’ नावाची यातली एक जात मूळची अमेरिकेतली. २००५ नंतरच्या काही वर्षांत तिनं भारतातल्या कपाशीला हैराण केलं. कापूस काढून रान मोकळं झालं की ही कीड गाजर गवतावर आणि अंगणातल्या जास्वंदीवर मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. म्हणजे अंगणातलं झाड स्वच्छ ठेवणं हे शेताचंही काम आहे. एखाद्या शेंड्याजवळ थांबून बघा: मुंग्यांची रांग वर चढते, एकेक मुंगी ढेकणापाशी थांबून मिशांनी त्याला डिवचते, ढेकूण गोड थेंब सोडतो, मुंगी तो पिते आणि परतते. त्या बदल्यात त्याला खायला आलेल्या भक्षक किड्यांना हुसकावते. म्हणून आधी मुंग्या तोडाव्यात: खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावावं आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. मग लागलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुवावं आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्यासाठी लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, सकाळी गाळून त्यात चिमूटभर साबणचुरा घातला की अर्क तयार. आठवड्यानं पुन्हा फवारणी लागतेच, कारण पिलं आडोशाला दडलेली असतात.

कपाशीचं उरलेलं कीटकनाशक जास्वंदीवर कधीही मारू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले. तीच औषधं दारातल्या झाडावर मारायची, जिथली फुलं देवाला जातात, केसांच्या तेलात उकळतात, आणि ज्याच्याखाली लेकरं खेळतात? फुलांना विष लागलेलं चालेल इतकी कुठलीच कीड मोठी नाही.

कळ्या उमलण्याआधी गळत असतील तर एक कळी उघडून बघावी. आत बारीक, सुईच्या टोकाएवढे हलणारे जीव दिसले तर ते फुलकिडे, निंबोळी अर्क तिथंही चालतो. आत स्वच्छ असेल तर कारण उष्णता किंवा पाण्याची अनियमितता, आणि पाऊस सुरू झाला की गळ बहुधा थांबते. पूजेसाठी फुलं पहाटे तोडावीत. तोडलेली जास्वंद पाण्यात ठेवली काय, कोरड्या ताटात ठेवली काय, संध्याकाळपर्यंतच टिकते, म्हणून आदल्या रात्री तोडायची झाली तर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या, रंग बाहेर दिसू लागलेल्या कळ्या तोडून गार जागी ठेवाव्यात. सकाळी ताटात उमलतात.