कॉफीचा हिम

वनस्पतींतील गुण काढून घेण्याच्या पांच रीती आपल्या वैद्यांनीं सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आपला काढा. तो उकळून आटवावा लागतो. फांट म्हणजे कढत पाणी ओतून थोड्याच वेळांत गाळून घेणें. हिमास मात्र विस्तव लागतच नाहीं. भरडलेलें द्रव्य सहापट थंड पाण्यांत रात्रभर ठेवावें आणि सकाळीं गाळावें, असें शार्ङ्गधरसंहितेंत त्याचें प्रमाण दिलें आहे. उन्हाळ्यांत धणे रात्रीं भिजत घालून सकाळीं खडीसाखरेबरोबर त्यांचें पाणी मुलांस देतात, तो हिमच होय. शहरांतील उपाहारगृहांत अलीकडे ‘कोल्ड ब्रू’ या नांवानें जी कॉफी पुष्कळ दाम घेऊन विकतात, तीही याच जातीची आहे. आमच्या आजीबाईंस तिचें फारसें नवल वाटलें नसतें.

इंझोरीसारख्या गांवींही ती घरीं करतां येते. दुकानांत पुडींत मिळणारी, पाण्यांत पडतांच विरघळणारी भुकटी मात्र येथें निरुपयोगी. ती एकदां तयार करून वाळविलेलीच कॉफी असते. आपणांस हवेत भाजलेले बुंददाणे. (कॉफीच्या बीस जुन्या मराठींत बुंद म्हणत.) आपल्या देशांतील पुष्कळशी कॉफी कर्नाटकांतील कोडगू व चिकमगळूर या भागांत पिकते, परंतु आपल्या विदर्भांतही, चिखलदऱ्याच्या डोंगरावर, कॉफीचीं झाडें आहेत, हें कित्येक विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. दळलेली पूड घेतल्यास वेष्टनावरील मजकूर वाचावा. पुष्कळदां तींत चिकोरी नांवाच्या मुळाची पूड मिसळलेली असते. ती अपायकारक नव्हे, पण कॉफीच्या दामानें मूळ कां घ्यावें?

१०० ग्रॅम दाणे जाड रव्याएवढे भरडावे. फार बारीक केल्यास फडकें तुंबतें आणि चव कडवट होते. अर्धा लिटर पाणी चांगलें उकळून, झांकून, पूर्ण निववावें. कढत पाण्यानें धुतलेल्या कांचेच्या बरणींत भरड घालून त्यावर हें पाणी ओतावें, एकदां ढवळावें, आणि झांकण लावून बरणी फ्रीजमध्यें १६ ते १८ तास ठेवावी. नंतर दुहेरी मलमलींतून गाळावें. फडकें पिळूं नये. पिळल्यानें गाळ उतरतो. चोथा आपल्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी धरून ठेवितो, म्हणून हातीं ३०० मिलिलिटरच्या आसपासच अर्क येतो.

पाणी आधीं उकळण्याविषयीं मी आग्रह कां धरतों? काढ्यांत जंतु मारण्याचें काम विस्तव करतो; हिमांत तें कोणीच करीत नाहीं. वैशाखांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत बरणी रात्रभर ओट्यावर ठेवणें धोक्याचें आहे, आणि माठाचा गारवाही पुरत नाहीं. वीज रात्रभर गेली असेल, तर दाम आठवून हळहळत न बसतां अर्क ओतून द्यावा. एरव्हीं तो झांकून फ्रीजमध्यें आठवडाभर राहतो.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग. थंड पाण्यांत कडू द्रव्यें कमी उतरतात. म्हणून हा अर्क जिभेस मऊ लागतो, आणि मऊ तें सौम्य असा समज होतो. झोंप उडविणारें द्रव्य कॅफीन. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करून पाहावा. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यांत सुमारें ६६ ग्रॅम कॅफीन विरघळतें, तर २५ अंशांच्या पाण्यांत केवळ २ ग्रॅम. फ्रीजमध्यें याहूनही कमी. यावरून थंड कॉफींत तें फार थोडें उतरत असेल असें वाटेल. परंतु अरेबिका जातीच्या १०० ग्रॅम दाण्यांत कॅफीन असतें सुमारें सव्वा ग्रॅमच! अर्धा लिटर थंड पाण्यांतही त्यास जागा पुरून उरते, आणि रात्रभर अवधि मिळाल्यामुळें बहुतेक सर्व उतरतें. त्यांतील १ ग्रॅम उतरलें असें धरलें, तरी ६० मिलिलिटर अर्कांत, म्हणजे एका लहानशा कपांत, १२० मिलिग्रॅम येतें. रोबस्टा जातीचे दाणे असल्यास जवळजवळ दुप्पट.

युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं मुलांसाठीं दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम धरली आहे. ४० किलो वजनाच्या मुलास ती नेमकी १२० होते. निरोगी प्रौढांस ४०० आणि गरोदर स्त्रियांस २०० मिलिग्रॅम. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकीं अर्धें सुमारें पांच तासांनंतरही अंगांत असतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं आठ वाजतां घेतलेला पेला एक वाजतांही काम करीतच असतो. प्रौढांनीं एक भाग अर्कांत तीन भाग पाणी किंवा दूध घालून प्यावें. बाटलीवर नांव व तारीख लिहून ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी, कारण सरबत समजून पिण्यास ती फार सोपी आहे.

ही कॉफी आंबट नसते, म्हणून पित्ताच्या माणसांस चालते, असेंही सांगतात. २०१८ सालीं फिलाडेल्फियाच्या दोन संशोधकांनीं दोन्ही प्रकार मोजून पाहिले; पीएच मूल्य जवळपास सारखेंच निघालें, गरम कॉफींत एकूण आम्लें कांहींशीं अधिक इतकेंच. तेव्हां ज्यांना गरम कॉफी सोसत नाहीं, त्यांनीं हीही जपूनच घ्यावी.

उरलेला चोथा टाकूं नये. तो उन्हांत वाळवून परसांतील खतांत मिसळावा. ओला ठेवल्यास दोन दिवसांत त्यावर बुरशी येते.